शेततळ्यातला ऑक्सिजन : नव्या मत्स्यपालकासाठी तापमानाचं आणि दाबाचं गणित

कांद्यासाठी नाहीतर डाळिंबासाठी शेततळं घेतलं, पाणी उभंच असतं, मग त्यात मासे सोडू. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात अशीच होते. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली आणि शिवारात ३० × ३० × ३ मीटरची तळी जागोजागी दिसू लागली. माझंही त्यातलंच एक. पहिलं वर्ष बरं गेलं, त्यामुळे डोक्यात हवा गेली.

दुसऱ्या वर्षी मे संपता संपता संध्याकाळी वळीव कोसळला. उकाडा गेला म्हणून घरात सगळे खूश. सकाळी तळ्यावर गेलो तर कटले पांढरी पोटं वर करून काठाला लागलेले आणि पाण्याला सडक्या अंड्याचा वास. कोणीतरी औषध टाकलं असणार, असं जो तो म्हणत होता. मीही चार दिवस तेच धरून बसलो. कोणी काही टाकलं नव्हतं. रात्रीत पाण्यातला ऑक्सिजन संपला होता, आणि तो संपणार हे आदल्या संध्याकाळी मोजलं असतं तर कळलं असतं.

तेव्हापासून जे शिकलो ते क्रमाने सांगतो. शाळेतलं विज्ञान विसरला असाल तरी चालेल.

पायरी १ : आधी घरात बघा

पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवा आणि झाकण न ठेवता बघत बसा. उकळी फुटायच्या बऱ्याच आधी, पाण्यात बोट ठेववत नाही इतपत ते तापलं की, तळाला आणि कडेला मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती वाफ नव्हे. पाण्यात विरघळून बसलेली हवा बाहेर पडतेय. पाणी तापलं, तिला आत राहायला जागा उरली नाही.

चहात साखर गरम असतानाच चटकन विरघळते, म्हणून गरम पाण्यात सगळंच जास्त विरघळत असेल असं आपल्याला वाटतं. वायूंचं उलटं आहे. पाणी जितकं गार, तितका वायू जास्त मुरतो.

आता दाब. त्यासाठी गोटी सोडा घ्या. बाटली बंद असते तेव्हा आतलं पाणी काचेसारखं स्वच्छ, एक बुडबुडा नाही. गोटीला वर रबराच्या कड्यावर धरून ठेवलंय ते आतल्या वायूच्याच दाबानं. (हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही बाटली, तिकडे ती दुकानांतून केव्हाच गेली, आपल्याकडे जत्रेत अजून फुटतेय.) अंगठ्याने गोटी आत ढकलली की फट् आवाज होतो, दाब सुटतो आणि तेच पाणी फसफसून वर येतं. कार्बन डायऑक्साइड आत होताच. दाब होता तोवर गुमान विरघळून राहिला, दाब गेला तसा निघाला. उन्हात ठेवलेली बाटली फोडलीत तर निम्मा सोडा हातावर येतो, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकदम घडतात.

पाण्यावर त्या वायूचा दाब दुप्पट केला तर दुप्पट वायू विरघळतो. हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. ‘त्या वायूचा’ हे शब्द नीट लक्षात ठेवा, पुढे मत्स्यबीजाच्या पिशवीपाशी लागतील.

पायरी २ : हा तक्ता मोटरच्या खोलीत चिकटवा

हवेशी संपर्कात असलेल्या गोड्या पाण्यात, समुद्रसपाटीला, जास्तीत जास्त किती ऑक्सिजन मावतो त्याचे हे आकडे. एकक आहे लिटरमागे मिलिग्रॅम. आपण मत्स्यपालक त्याला पीपीएम म्हणतो.

१० अंश सेल्सिअस : ११.३
१५ अंश : १०.१
२० अंश : ९.१
२५ अंश : ८.३
३० अंश : ७.६
३५ अंश : ७.०

आधी हे बघा की आकडे मुळातच किती लहान आहेत. एक लिटर हवेत जवळपास २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात सात-आठ. आपण ज्यात श्वास घेतो त्याच्या पस्तीस-चाळिसाव्या हिश्श्यावर मासा जगतो.

२० वरून ३० अंशांवर गेलं की पाण्याची क्षमता ९.१ वरून ७.६ वर येते, म्हणजे सहावा हिस्सा गेला. हे फार वाटत नाही. पण मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीराचा कारभार ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालतो आणि ऑक्सिजनची गरजही तशीच वाढते. गाळ कुजवणारे जिवाणूही त्याच हिशोबाने खातात. उत्पन्न घटलं आणि खाणारी तोंडं दुप्पट झाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

नवखा माणूस पुढची चूक करतो ती अशी : तक्त्यात ३० अंशाला ७.६ लिहिलंय म्हणजे माझ्या तळ्यात ७.६ आहेच, असं धरून चालतो. तक्ता सांगतो ती पाण्याची ऐपत. खिशात किती आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही. तीन मीटर खोल तळ्यात उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं आणि दोन्ही मिसळत नाहीत. तक्त्याप्रमाणे खालच्या गार पाण्यात ऑक्सिजन जास्त हवा. प्रत्यक्षात तिथे ऊन पोचत नाही, हवा पोचत नाही, आणि तळाला खाद्याचा, विष्ठेचा गाळ कुजत असतो. ऐपत मोठी आणि खिसा रिकामा. वळवाचं गार पाणी वरून पडलं की ते जड असल्यानं खाली बसतं, थर उलटे होतात आणि तळाचं काळं, ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं. माझे कटले मेले ते यात.

पायरी ३ : दाबाचं खरं किती, खोटं किती

उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून ऑक्सिजनही कमी मावतो. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास आहे, तिथे तक्त्यातले आकडे साधारण ६ टक्क्यांनी कमी धरायचे. महाबळेश्वरला, १,३५० मीटरवर, १५ टक्क्यांनी. पण महाबळेश्वरचं पाणी गारही असतं, त्यामुळे बरीचशी भरपाई होऊन जाते. पठारावरच्या तळ्यांनी तक्त्यातून अर्धा पीपीएम वजा केला की काम भागतं.

‘आभाळ आलं, हवेचा दाब पडला, म्हणून ऑक्सिजन पडला’ असं काठावर हमखास ऐकायला मिळतं. ऑक्सिजन पडतो हे खरं, कारण चुकीचं. पावसाळी हवेत दाब उतरतो तो साधारण एखादा टक्का, त्याने ७.६ चे ७.५ होतील. मळभ आलं की ऊन नसतं, ऊन नसलं की पाण्यातलं हिरवं शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, आणि रात्री तेच शेवाळ तो खायला मात्र बसतं. दोन-तीन दिवस सलग मळभ असेल तर तळ्यावर मुक्काम करा.

खोलीचा दाब मात्र खरोखर कामाचा. दहा मीटर पाणी म्हणजे आणखी एक वातावरण दाब, म्हणजे दोन मीटर खोलीवर वीस टक्के जास्त. ब्लोअरची हवा बारीक छिद्रांच्या नळीतून खाली सोडली तर तिथल्या बुडबुड्यातला ऑक्सिजन जास्त जोराने पाण्यात शिरतो, शिवाय वर येईपर्यंत त्याला वेळही मिळतो. बुडबुडा जितका बारीक तितकं बरं. भसाभस मोठे बुडबुडे दिसायला छान, पण निम्मे काम न करताच वर फुटतात.

खाजणातल्या कोळंबीवाल्यांसाठी एक ओळ : मीठही वायूला जागा देत नाही. समुद्राइतकं खारं पाणी २५ अंशाला ८.३ ऐवजी ६.७ च्या आसपासच धरतं.

पायरी ४ : मोजा, आणि योग्य वेळी मोजा

लागतं काय? साधा थर्मामीटर आणि डीओ किट, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट. इलेक्ट्रॉनिक मीटर घेतला तर उत्तम, पण त्याचा पडदा आणि द्रावण वेळच्या वेळी बदलत नसाल तर किट बरं. माझा मीटर सहा महिने खोटं बोलत होता, किटमुळेच पकडला गेला.

किटमागची पद्धत विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची, १८८८ ची. बाटली पाण्याखाली हातभर खोल नेऊन तिरकी भरायची, खळाळ होऊ द्यायचा नाही, आणि तिथेच बूच लावायचं. आत एकही बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरा, कारण त्या बुडबुड्यातला ऑक्सिजन तुमच्या तळ्याचा नाही. मग पहिल्या आणि दुसऱ्या बाटलीतले थेंब टाका, बूच लावून उलटसुलट करा. पाण्यात तपकिरी फुलकं तयार होतं. ऑक्सिजन जितका जास्त तितका रंग गडद. फुलकं पांढरंच राहिलं तर पुढचं मोजायची गरज नाही, पळत जाऊन एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा. तपकिरी झालं तर ते खाली बसू द्या आणि आम्ल टाका. ते गंधकाम्ल आहे, हातमोजे घाला. पाणी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखं पिवळं होतं. स्टार्चचे थेंब टाकले की निळं. आता शेवटच्या बाटलीतला एकेक थेंब मोजत टाकायचा आणि निळा रंग गेला त्या थेंबाला थांबायचं. पत्रकात दिलेल्या गुणकाने थेंब गुणले की पीपीएम मिळतात. घरी नेऊन करू म्हणू नका. निदान पहिल्या दोन बाटल्यांतले थेंब काठावरच टाका, नाहीतर वाटेत आकडा बदलतो.

आणि हो, पहाटे अंधारात तळ्याच्या प्लॅस्टिक अस्तराच्या उतारावर एकट्याने उतरू नका. ओल्या प्लॅस्टिकवर पाय घसरला तर पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेला दोर आणि फुगवलेली ट्यूब कायमची टाकून ठेवा.

वेळा दोन. सूर्योदयाच्या जरा आधी ऑक्सिजन सगळ्यात कमी, दुपारी तीन-साडेतीनला सगळ्यात जास्त. दुपारी ११-१२ पीपीएम आला तर किट बिघडलं असं समजू नका. ३१ अंशाला तक्ता साडेसातच्या आत आकडा सांगतो, मग १२ कुठून? तक्ता हवेशी जुळलेल्या पाण्याचा आहे आणि हवेत ऑक्सिजन फक्त २१ टक्के. शेवाळ पाण्याच्या आतच निव्वळ ऑक्सिजन बनवतं, तो बाहेर निसटायला वेळ लागतो, तोवर पाणी उघडलेल्या सोड्यासारखं भरलेलं राहतं. दुपारी असा भरगच्च आकडा दिसला तर खूश होऊ नका. इतकं शेवाळ रात्री तितकंच खाणार. कोपरापर्यंत हात पाण्यात घाला, तळवा दिसेनासा व्हायला हवा तो कोपराच्या आसपास. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवं झालंय. शेणखत आणि खाद्य आवरा.

आकडा कसा वाचायचा? रोहू, कटला, मृगळ यांना पहाटेचा आकडा ५ पीपीएमच्या वर असेल तर झोपा. ३ ते ५ मध्ये मासे जगतात पण वाढत नाहीत, खाद्य वाया जातं. ३ च्या खाली खाद्य बंद आणि एरेटर चालू. १ च्या आसपास काही तास राहिला की मरतुक. पंगस वर येऊन हवेचा घोट घेऊ शकतो, त्यामुळे पंगसवाल्या शेजाऱ्याचं ‘आमच्याकडे काही होत नाही’ हे बोलणं मनावर घेऊ नका.

पायरी ५ : रात्रीचा अंदाज आदल्या संध्याकाळीच

ही युक्ती मला आधी कोणी सांगितली असती तर लाखभराचे मासे वाचले असते.

अंधार पडला की शेवाळाचं उत्पादन शून्य, फक्त खर्च चालू. हा खर्च रात्रभर बऱ्यापैकी सारख्या वेगाने होतो. म्हणून दोनदा मोजायचं आणि रेघ पुढे ओढायची. समजा संध्याकाळी ७ ला ८.२ आणि १० ला ६.७ आला. तीन तासांत दीड, म्हणजे तासाला अर्धा. सकाळी ६ पर्यंत आणखी आठ तास, म्हणजे चार जाणार. पहाटे हातात राहणार २.७. रेघ ४ पीपीएमला कधी पोचते? साडेतीनच्या आत. मग एरेटरला टायमर लावा दोनचा, आणि झोपा.

रात्रीची वीज कधी येते-जाते त्यावर हे सगळं अवलंबून, हे मला माहीत आहे. थ्री फेज नसलेल्या रात्रींसाठी डिझेल पंप किंवा जनरेटर नसेल तर तळ्यात मासेच कमी सोडा. त्याला दुसरा उपाय नाही.

पायरी ६ : एरेटर कधी, आणि कधी नाही

एरेटर पाण्यात ऑक्सिजन कोंबत नाही. तो पाणी आणि हवा यांची भेट घडवतो, बस्स. पाण्यात ऐपतीपेक्षा जेवढं कमी, तेवढ्या वेगाने ऑक्सिजन आत जातो. मर्यादा ७.५ आणि तळ्यात ३ असेल तर तूट साडेचारची. तळ्यात ६ असेल तर तूट दीडची, म्हणजे तेवढ्याच विजेत तिसरा हिस्सा काम. आणि दुपारी तळ्यात १२ असताना पॅडल व्हील (पाणी उडवणाऱ्या चाकाचा एरेटर) लावलं तर? जास्तीचा ऑक्सिजन तुम्ही स्वतः बिल भरून हवेत उडवताय. गोटी सोडा हलवून फोडल्यासारखंच ते.

दुपारी चालवायचं एकच कारण मला पटतं : खोल तळ्यात थर मोडायला, रोज थोडा वेळ. वरचं ऑक्सिजनवालं पाणी खाली जातं, तळाचा गाळ दिवसाढवळ्या थोडा थोडा कुजून जातो आणि वळवाच्या रात्री एकदम उसळत नाही. पण महिनाभर साचलेलं खालचं पाणी एका दिवसात वर काढू नका. जोखीम तीच, फक्त पावसाऐवजी ती तुम्ही घ्याल.

पायरी ७ : बीजाची पिशवी

बोटुकली (बोटाएवढी माशाची पिलं) येते त्या पिशवीत तिसरा हिस्सा पाणी आणि बाकी ऑक्सिजन भरलेला असतो. हवा का नाही भरत? इथे हेन्रींचा ‘त्या वायूचा’ दाब आला. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा. निव्वळ ऑक्सिजन भरला की पाण्यावर त्याचा दाब जवळजवळ पाचपट, आणि पाण्यात मावणाराही पाचपट. २५ अंशाला ८ ऐवजी ३९ च्या घरात. म्हणून एवढीशी पिशवी शेकडो पिलं घेऊन रात्रभर प्रवास करते.

बीज रात्री किंवा पहाटे आणा, पिशव्या सावलीत ठेवा. तळ्यावर आल्यावर पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. आतलं-बाहेरचं तापमान एक झालं की तोंड उघडून तळ्याचं पाणी तांब्याने थोडं थोडं आत घाला, मग पिशवी आडवी करा. पिलं आपणहून बाहेर जातील. एकदा उघडलेली पिशवी परत बांधून ठेवू नका. ऑक्सिजन गेलेला असतो.

पायरी ८ : बोअरचं पाणी थेट नको

बोअरमधून बादली भरली की पाणी कधी कधी दुधासारखं दिसतं आणि मिनिटभरात खालून वर स्वच्छ होत जातं. पुन्हा सोडाच. खोलवरच्या दाबाखाली विरघळलेला वायू वर आल्यावर सुटतोय. त्यात ऑक्सिजन बहुधा नसतोच. असतो नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. हे पाणी थेट सोडलं आणि मासा त्यात सापडला, तर जास्तीचा वायू त्याच्या रक्तात बुडबुडे करतो. माशाच्या परांमध्ये आणि डोळ्यांभोवती बारीक फुगे दिसतात, पिलं आधी जातात. पंपाच्या सक्शन पाइपला चीर असेल आणि तो हवा ओढत असेल तर विहिरीच्या पाण्यालाही हाच रोग लागतो.

उपाय फुकटचा आहे. टोमॅटोचे चार-पाच क्रेट एकावर एक रचा आणि पाणी वरून त्यांच्यातून ठिबकत खाली पडू द्या. जास्तीचा वायू बाहेर, ऑक्सिजन आत.

पायरी ९ : तरीही मासे वर आलेच तर

पहाटे मासे तोंडं वर काढून चपचप करतायत आणि काठीचा आवाज केला तरी खाली जात नाहीत. पहिलं काम : खाद्याची पिशवी खाली ठेवा. भुकेले आहेत म्हणून मूठभर टाकणारे मी पाहिलेत. पचवायलाही ऑक्सिजनच लागतो.

एरेटर असेल तर चालू. नसेल तर तळ्याचंच पाणी पंपाने उचलून पाइपच्या तोंडाला पत्रा बांधा आणि फवारा पुन्हा तळ्यात पाडा. फुटव्हॉल्व (पंपाच्या ओढ-पाइपच्या टोकाची झडप) तळाला टाकू नका, दोन हात खालीच ठेवा. तळाचं काळं पाणी वर आणलंत तर उरलेलेही जातील. सगळं तळं सुधारायच्या नादी न लागता एक कोपरा धरा. मासे स्वतःहून तिथे जमतात.

ऑक्सिजनची भुकटी विकणारे या वेळी फोनवर हमखास भेटतात. ती बहुतेक सोडियम परकार्बोनेट असते आणि किलोमागे साधारण १३० ग्रॅम ऑक्सिजन देते. ३० × ३० × ३ चं तळं, काठ १:१ उताराचे धरले तर, २२ लाख लिटरचं होतं. त्यात एक पीपीएम वाढवायला २.२ किलो ऑक्सिजन, म्हणजे १७ किलो भुकटी. एक किलोचा पुडा सगळीकडे भिरकावला तर वाढ ०.०६. त्याच कोपऱ्यात टाकली, जिथे मासे जमलेत, तरच तिचा उपयोग.

ऊन चढलं, नऊ-दहा वाजले की मासे खाली जातात. एरेटर लगेच बंद करू नका, किटवर ५ येईपर्यंत चालू द्या. मेलेले मासे जाळीने त्याच दिवशी काढा, खड्ड्यात चुना घालून पुरा. पाण्यात राहिले तर कुजताना पुढच्या रात्रीचा ऑक्सिजन तेच खातील. खाद्य दोन दिवस बंद, मग निम्म्याने सुरू. आणि त्या संध्याकाळी ७ ला बाटली घेऊन परत काठावर.